चारचौघांत बसताना

पहिले तीन-चार महिने बैठकीत तोंड उघडायचं नाही. ऐकायचं, टिपून घ्यायचं आणि घरी यायचं. तू म्हणशील, मावशी, मग लोकांनी मला असोसिएशनच्या कमिटीवर घेतलं कशाला? घेऊ देत. हा कानमंत्र माझा नाही, माझ्या सासऱ्यांचा आहे, आणि त्यांच्यापर्यंत तो आला थेट गोपाळ कृष्ण गोखल्यांकडून. थेट म्हणजे, मध्ये दोन-तीन माणसं आणि एक संस्था आहे. तेवढं सांगते, मग तुझ्या असोसिएशनकडे येते.

पुण्यातली गोखले इन्स्टिट्यूट तुला ठाऊक आहे. इथं बंगळुरात, बसवनगुडीला बुल टेंपल रोडवर दुसरी आहे, गोखले इन्स्टिट्यूट ऑफ पब्लिक अफेअर्स. 1945 साली ती काढली डी. व्ही. गुंडप्पांनी. सगळे त्यांना डीव्हीजी म्हणतात. 'मंकुतिम्मन कग्ग' हे त्यांचं पुस्तक आमच्या शेजारपाजारच्या घराघरांत आहे. मुळबागलचा हा कवी-पत्रकार गोखल्यांचा निस्सीम चाहता. कन्नडमध्ये गोखल्यांचं चरित्र लिहून त्यांचं भागलं नाही. सार्वजनिक प्रश्नावर अभ्यास करून, आवाज न चढवता बोलायची सवय लागावी म्हणून त्यांनी जागा उभी केली आणि तिला रत्नागिरीकडच्या एका मराठी माणसाचं नाव दिलं. 1970 साली लोकांनी जाहीर सत्कार करून थैली दिली, तीही त्यांनी या संस्थेलाच देऊन टाकली. माझे सासरे तिथल्या अभ्यासवर्गाला जायचे. घरी आले की तोच विषय सासूबाईंना सांगायचे, आणि सासूबाई शेंगा सोलता सोलता त्यांची उलटतपासणी घ्यायच्या. मी लग्न होऊन आले तेव्हा मला वाटलं होतं, ही दोघं भांडताहेत.

तर तोंड न उघडण्याबद्दल. 1915 च्या जानेवारीत गांधी आफ्रिकेतून कायमचे परत आले, तेव्हा गोखल्यांनी त्यांच्याकडून कबूल करून घेतलं की वर्षभर देश हिंडायचा, पाहायचं, ऐकायचं, पण सार्वजनिक प्रश्नांवर मत द्यायचं नाही. एवढा लढा देऊन आलेल्या माणसाला ही अट! पुढच्याच महिन्यात गोखले गेले. मे महिन्यात गांधी बंगळुरात आले ते गोखल्यांच्या तसबिरीचं अनावरण करायला. लोकांनी उत्साहाच्या भरात त्यांची गाडी स्वतः ओढली. गांधींना ते रुचलं नाही. काम करणाऱ्याला असं डोक्यावर घेऊन बिघडवू नका, त्याला मुकाट्यानं काम करू द्या, असं त्यांनी सांगितलं. सासरे ही गोष्ट नव्या माणसाला हटकून ऐकवायचे, आणि तो माणूस फार हुशार असला तर दोनदा.

आता तुमच्या सर्जापूर रोडवर ये. तुमच्यासारख्या फ्लॅटच्या कॉम्प्लेक्समध्ये प्रत्येक प्रश्नाला जुनी मुळं असतात. कुत्र्यांना कोणत्या लिफ्टनं न्यायचं, क्लब हाउस बारशाला द्यायचं की नाही, एसटीपीचं, म्हणजे शुद्ध केलेल्या सांडपाण्याचं, पाणी बागेला चालतं तर फ्लशला का नको. तू पहिल्या दिवशी जी नामी युक्ती मांडशील, ती तुझ्याआधी कुणीतरी मांडलेली असते, तिच्यावर मतदान झालेलं असतं, आणि हरलेला गृहस्थ रागानं फ्लॅट विकूनही गेलेला असतो. सेक्रेटरीकडून मागच्या तीन-चार वर्षांची इतिवृत्तं मागून घे. कंटाळवाणी असतात, तरी वाच. कोणता ठराव दरवर्षी येतो आणि दरवर्षी 'पुढील बैठकीत' ढकलला जातो, ते बघ. कॉर्पस फंडाचं, म्हणजे राखीव पैशाचं, काय झालं ते बघ. मग बोल.

दुसरी गोष्ट भाषेची. तिकडे हिंदी-इंग्रजीवर जन्म काढता येतो, मला माहीत आहे. तरी कन्नड शीक. 'कन्नड कलीता इद्दीनि', मी कन्नड शिकतेय, एवढं म्हटलंस तरी समोरचा खुर्ची सरकवून बसायला देतो. बैठकीत मागच्या रांगेत बघ. वीस वर्षांपूर्वी ज्यांच्या रानावर तुमचे टॉवर उभे राहिले, त्या गावातलं एखादं घर आता तुमच्याच कॉम्प्लेक्समध्ये राहत असतं. इंग्रजी भरभर चाललेलं असतं आणि तो माणूस फक्त हात वर-खाली होताना पाहतो. ठराव मताला टाकण्याआधी कुणीतरी तो कन्नडमध्ये सांगावा, असं सुचव. दोन मिनिटं जातात. ज्याला मुंबईत वाटतं की इथं येणाऱ्यानं मराठी बोलावं, त्याला बंगळुरातल्या कन्नडिगाचं म्हणणं दुसऱ्या कुणी समजावून सांगायची वेळ येऊ नये.

आणि हो, चार मराठी माणसं जमली की कोपऱ्यात खुसखुस सुरू करतात, ती करायची नाही. बाकीच्यांना वाटतं, यांचं काहीतरी ठरतंय. बऱ्याचदा ठरतच असतं. शहाजीराजांची जहागीर इथं होती, मल्लेश्वरमच्या काडू मल्लेश्वराच्या देवळाशी व्यंकोजीराजांचं नाव जोडलेलं आहे, हे सगळं खरं. ते गणपतीत पाहुण्यांना सांगावं. साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या जहागिरीवर आज पार्किंग मिळत नाही.

'स्वल्प अ‍ॅडजस्ट माडि', जरा सांभाळून घ्या, हे वाक्य तुला इथं पावलोपावली ऐकू येईल. बसमध्ये, रांगेत, लग्नाच्या पंगतीत. बैठकीत ते दुसऱ्याला ऐकवण्याआधी आपण स्वतः काय सोडतो आहोत, ते बोलून दाखवायचं. नाहीतर गप्प बसायचं.

आता मुद्द्याची गोष्ट, जिच्यासाठी मी खरं तर हे सगळं सांगते आहे.

2024 च्या मार्चमधली पाणीटंचाई तू पाहिली नाहीस. मी तेव्हा वर्तूरच्या बाजूला मुलाकडे राहायला होते. आमच्या बसवनगुडीला निदान कावेरी येते, शंभर किलोमीटरवरून चढवत आणलेली. तिकडे तेव्हा बोअरवेलवर आणि टँकरवर सगळी भिस्त, आणि बोअरवेल आटलेल्या. जिल्हा प्रशासनानं टँकरचे दर बांधून दिले, 5 किलोमीटरच्या आत 6,000 लिटरला 600 रुपये, 12,000 लिटरला 1,000. पिण्याच्या पाण्यानं गाडी धुतली तर 5,000 रुपये दंड, असा जलमंडळाचा हुकूम निघाला. माणसं तापलेली होती. मुलाच्या कॉम्प्लेक्सच्या क्लब हाउसमध्ये तातडीची बैठक बोलावली. एक गृहस्थ उभे राहिले आणि म्हणाले, "खजिनदारांना टँकरवाल्याकडून पोचतं. सगळ्यांना माहीत आहे."

'सगळ्यांना माहीत आहे' हे शब्द ज्या वाक्यात असतील त्या वाक्यापासून लांब राहा.

खजिनदार पगार न घेता रोज दोन तास त्या हिशेबावर घालवणाऱ्या एक बाई होत्या. त्या काही बोलल्याच नाहीत, पेन बंद करून समोर ठेवलं. शेवटी मागून कुणीतरी म्हणालं, गेटवरची वही आणा. वही आली. जाड पुठ्ठ्याची, कोपरे पाण्यानं फुगलेले, दोऱ्यानं बांधलेलं बॉलपेन. गाडीचा नंबर, वेळ, लिटर, ड्रायव्हरची सही, वॉचमनची सही, ओळीखाली ओळ. पहाटे साडेचारच्या नोंदी, रात्री एकच्या नोंदी. बिलं आणि वही शेजारी ठेवून दोघाजणांनी ताडून पाहिली. बाईंचे पैसे चोख होते. गडबड दुसरीकडेच होती. बारा हजार लिटरची म्हणून येणाऱ्या एका गाडीत तेवढं पाणी मावतच नव्हतं, आणि रात्रपाळीच्या वॉचमननं त्या गाडीच्या प्रत्येक नोंदीपुढे बारीकशी फुली मारून ठेवली होती. टाकी किती भरते ते तो रोज पाहत होता. कुणी त्याला विचारलं नव्हतं, म्हणून त्यानं सांगितलं नव्हतं. तो ओडिशाचा. बैठक इंग्रजीत.

आणि ते गृहस्थ? ते म्हणाले, "मी फक्त प्रश्न विचारला होता." आणि चहाला गेले.

इथं मला गोखल्यांचं 1897 सालचं प्रकरण आठवतं. हिंदुस्थानच्या खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी कमिशनपुढे साक्ष द्यायला ते विलायतेला गेले होते. इकडे पुण्यात प्लेग, आणि घरं तपासणाऱ्या गोऱ्या सोजिरांचा जाच. मित्रांची पत्रं गेली की दोन बायकांवर अत्याचार झाला. गोखल्यांनी ते 'मँचेस्टर गार्डियन'ला सांगितलं. मोठा गहजब झाला. परत आल्यावर त्यांनी पुरावा मागितला, तर कळवणारं कुणी नाव द्यायला पुढे येईना. मग गोखल्यांनी वर्तमानपत्रातून बिनशर्त माफी मागितली. ज्यांनी कळवलं होतं त्यांची नावं सांगून स्वतःची सुटका करून घेतली नाही. सोजिरांनी लोकांना छळलं नाही असं त्यांचं म्हणणं नव्हतं. या एका आरोपाचा पुरावा आपल्या हातात नाही, तर तो आपण करायला नको होता, एवढंच. पुण्यात त्यांची छीथू झाली. पुढे कितीतरी वर्षं ती माफी त्यांच्या तोंडावर फेकली गेली, आणि अजूनही कुणी कुणी तिला भित्रेपणा म्हणतात. मला नाही तसं वाटत. चारचौघांत बोललेला शब्द चारचौघांतच मागे घ्यायला जास्त छाती लागते. क्लब हाउसमध्ये ती छाती कुणी दाखवली नाही.

म्हणून दोन व्यवहाराच्या गोष्टी ध्यानात ठेव. कुणावर बोट ठेवायचं असेल तर आधी वही माग, बिल माग, आणि ज्यानं नोंद केली त्या माणसाला त्याच्या भाषेत विचार. आणि शब्द मागे घ्यायची वेळ आली, तर जिथं उच्चारला तिथंच घे. भर बैठकीत म्हणालीस तर भर बैठकीत, फोनवरच्या ग्रुपात लिहिलंस तर त्याच ग्रुपात. एकट्याला गाठून जिन्यात पुटपुटलेली माफी धरायची नाही. "कुणाच्या भावना दुखावल्या असतील तर" असली शेपटी तिला लावायची नाही. "मी म्हणाले ते चूक होतं." संपलं. पुढचा विषय घ्यायचा.

आता भांडणाबद्दल. भांडणं होणारच, होत नसतील तर असोसिएशन झोपलेली आहे असं समज. 1905 साली गोखल्यांनी पुण्यात भारत सेवक समाज काढला, तेव्हा येणाऱ्याला सात शपथा घ्याव्या लागत. देशाला पहिलं स्थान, स्वतःचा लाभ पाहायचा नाही, अशा मोठमोठ्या शपथांच्या रांगेत एक साधी शपथ होती, कुणाशीही वैयक्तिक भांडण करणार नाही. मोठी माणसं देशासाठी तुरुंगात जातात आणि सभेत कुणी आपलं नाव आधी घेतलं नाही म्हणून वर्षभर बोलत नाहीत, हे गोखल्यांनी काँग्रेसमध्ये पुरेपूर पाहिलं असणार. त्यांचं आणि टिळकांचं फारसं पटलं नाही. पण गोखले गेले तेव्हा टिळक सिंहगडावरून धावत खाली आले, स्मशानात त्यांच्याबद्दल बोलले, आणि लोक टाळ्या वाजवायला लागले तेव्हा ही वेळ टाळ्यांची नाही, डोळे पुसण्याची आहे, असं सांगून त्यांना गप्प केलं.

हरण्याचंही तेच. सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचं गोखल्यांचं विधेयक मार्च 1912 मध्ये 13 विरुद्ध 38 मतांनी पडलं. ते पडणार हे त्यांना आधीच ठाऊक होतं, तरी आकडे घेऊन उभे राहिले, बोलले, हरले, आणि कुणाला दोष न देता पुढच्या कामाला लागले. तुझा ठराव पडला की दुसऱ्या दिवशी लिफ्टमध्ये त्या लोकांना आधी तू नमस्कार कर. लिफ्ट एकच असते आणि माणसांनी तिच्यात रोज भेटायचं असतं. ज्यांनी विरोधात मत दिलं त्यांच्या घरी वड्या पाठवायच्या थांबवू नकोस. तुझ्या आईनं एकदा थांबवल्या होत्या, तिला विचार.

ऐकायची सवय लावायची असेल तर महिन्यातनं एखाद्या संध्याकाळी इकडे ये. गोखले इन्स्टिट्यूट आहे, आणि तिथून जवळच बी. पी. वाडिया रोडवर इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ वर्ल्ड कल्चर. तीही 1945 चीच. मुंबईहून मद्रासला जाऊन 1918 मध्ये गिरणी कामगारांची युनियन बांधणाऱ्या वाडियांनी काढलेली. व्याख्यान फुकट असतं. व्याख्यानापेक्षा नंतरचे प्रश्न ऐक. माइक हातात आला की काही मंडळी आधी वक्त्याचं अभिनंदन करतात, मग स्वतःची नोकरी सांगतात, मग परदेशातल्या मुलाकडे जाऊन आल्याचं सांगतात, आणि प्रश्न विचारायचा राहूनच जातो. सभागृहातली माणसं घड्याळ बघतात, बायका पर्स आवरतात. प्रश्न एका वाक्याचा असावा आणि त्याचं उत्तर आपल्याला खरोखर माहीत नसावं. तुमच्या वार्षिक सभेलाही हेच लागू.

आणखी एक जागा तुमच्या पिढीनंच काढली आहे. 2023 च्या जानेवारीपासून शनिवारी सकाळी कब्बन पार्कात पोरं चटया टाकून पुस्तकं वाचत बसतात. कुणी कुणाशी बोलत नाही, कुणाची ओळख करून घ्यायची सक्ती नाही, वर्गणी नाही. पुढे दिल्लीच्या लोदी गार्डनमध्ये, मुंबईत जुहूला हेच सुरू झालं. मी नातीबरोबर जाऊन बसले होते. शेजारच्या मुलानं, माझ्यावर ऊन आलं तेव्हा, न बोलता आपली चटई सरकवून मला सावलीत जागा दिली आणि पुन्हा पानात डोकं घातलं. तसा शेजारी बैठकीत मिळाला तर त्याला सोडू नकोस.

इथल्या गांधीनगरच्या महाराष्ट्र मंडळात जाशील तेव्हा नाटकाला जरूर बस, पण खुर्च्या मांडायच्या वेळी आणि उचलायच्या वेळीही हजर राहा. यापेक्षा जास्त काही मी तिथल्याबद्दल सांगत नाही. मंडळ म्हणजे घरच, आणि घरातलं बोलायला आपण फोनवर आहोतच.

बैठकीत जे नसतात त्यांचं मात्र विसरू नकोस. मतं घरमालकांची असतात. भाडेकरू मेंटेनन्सच्या पाण्याचा थेंबन्‌थेंब वापरतो, पण त्याला मत नसतं. धुणीभांडी करणाऱ्या बायका, वॉचमन, माळी, कुरिअरची पोरं, यांच्यावर दर बैठकीत काहीतरी नियम होतो: या लिफ्टनं जा, इथं बसू नका, बॅग तपासून जा. असा नियम आला की तू एकच विचारायचं, हे त्यांना विचारलं का? बहुतेक वेळा शांतता पसरते. मग म्हण, मी विचारून येते, तोवर ठराव थांबवू. बायकांना गेटपाशी, कामावरून सुटायच्या वेळी गाठ, 'ऊट आयता?' म्हणून सुरुवात कर, जेवण झालं का म्हणून. बसायला बाक नाही, त्यांच्यासाठी वेगळं स्वच्छतागृह कुलुपात असतं, किल्ली कुणाकडे ते ठाऊक नसतं, असं बरंच कळेल. यातल्या निम्म्या गोष्टींना ठराव लागतच नाही, एक कुलूप काढलं की भागतं. कचऱ्याच्या बाबतीतही असंच. ओला, सुका आणि टाकाऊ कचरा वेगळा करायचे नियम या शहरात केव्हाचे झालेत. पण दंड कुणाला करायचा यावर तासभर वाद घालणाऱ्यांनी एकदा खाली उतरून कचरा निवडणाऱ्या बाईचे हात पाहावेत. डायपर ओल्यात टाकलं की ते तिला हातानं काढावं लागतं. हे मी बैठकीत बोलले होते तर दोघाजणांनी म्हटलं, आंटी, आम्ही चहा पितोय. त्यांना चहा पिऊ दिला आणि मग पुन्हा तेच सांगितलं.

राहिलं तुझं मौनाचं. तीन-चार महिने नुसतं बसून तू कंटाळशील, म्हणून एक काम मागून घे: इतिवृत्त लिहायचं. ते कुणालाच नको असतं, त्यामुळे लगेच मिळेल. ज्याचं म्हणणं तुला अजिबात पटलं नाही, त्याचं म्हणणं असं लिही की वाचून तोच म्हणाला पाहिजे, हो, मी हेच म्हणत होतो. सासरे अभ्यासवर्गाहून आले की सासूबाई त्यांच्याकडून नेमकं हेच करून घ्यायच्या, आधी समोरच्याची बाजू सांगा, मग तुमची. विशेषणं गाळ. कोण ओरडलं ते लिहू नकोस, काय ठरलं, कोण करणार आणि कधीपर्यंत, ते लिही. मतं किती विरुद्ध किती, तो आकडा लिही. सेक्रेटरी आणि विरोधातला एकजण, दोघांना कच्चा मसुदा दाखव. आणि दोन दिवसांच्या आत सगळ्यांना पाठव. आठवडा गेला की आपण भलतंच काहीतरी बोललो होतो, अशी प्रत्येकाची खात्री पटलेली असते, आणि मग पुढची सगळी बैठक त्यातच जाते.